एमबीएची फी कशी भरायची? मराठवाड्यातून वारंवार येणारे प्रश्न

मी सोळा वर्षं बँकेच्या कर्ज विभागात काम केलं, त्यातली बहुतेक परभणी आणि हिंगोली जिल्ह्यांतल्या शाखांमध्ये. नोकरी सोडली, पण फोन थांबले नाहीत. दरवर्षी सीईटीचा, म्हणजे प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की ते वाढतात, कारण आपल्याकडे पेरणीचं बी-खत आणि लेकराची फी एकदमच दारात उभी राहते आणि सोयाबीनचा पैसा हातात यायला दिवाळी उजाडते. त्या दोन-तीन महिन्यांच्या ओढाताणीत चुकीच्या माणसाकडून पैसे घेतलेली घरं मी पाहिली आहेत. म्हणून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. माझं सगळं सांगणं एका क्रमावर उभं आहे: आधी कॅपमधली (राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेरीतली) जागा, मग फीसवलत, आणि उरेल तेवढ्यालाच कर्ज.

१. मॅडम, एमबीएला एकूण किती पैसे लागतात? एक आकडा सांगा.

एक आकडा नाही. विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागात फी सगळ्यात कमी. छत्रपती संभाजीनगरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आणि नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ ही दोन्ही नावं आधी तपासा. खासगी विनाअनुदानित कॉलेजची फी राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. ती दरवर्षी, कॉलेजनिहाय, प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर असते. कॉलेजच्या माहितीपत्रकावर नाही, त्या आकड्यावर विश्वास ठेवा. दुसऱ्या टोकाला आयआयएम अहमदाबाद, तिथे दोन वर्षांची फीच २५ लाखांच्या वर जाते.

फीची पावती नीट वाचा. शिक्षण शुल्क, विकास शुल्क, परीक्षा शुल्क, अनामत असे तुकडे असतात. राज्याच्या सवलती मुख्यतः शिक्षण आणि परीक्षा शुल्कावर मिळतात, बाकीचं घरातून जातं. त्यात हॉस्टेल, मेस, लॅपटॉप धरा. सगळेजण विसरतात तो खर्च म्हणजे पहिल्या वर्षानंतरची इंटर्नशिप. दोन महिने पुण्यात किंवा मुंबईत राहायचं, खोलीचं डिपॉझिट द्यायचं, आणि कंपनी विद्यावेतन देईलच असं नाही. ही रक्कम कर्जाच्या अर्जात पहिल्याच दिवशी दाखवा, नंतर वाढवून मिळवणं अवघड जातं.

२. एजंट म्हणतो सीईटीची कटकट नको, थेट कॉलेजात सीट देतो. घ्यावी का?

नको. कॅप म्हणजे सीईटीच्या गुणांवर राज्य सीईटी कक्ष राबवतो ती केंद्रीय प्रवेश फेरी. त्यातून मिळालेली जागा आणि संस्थास्तरावर, म्हणजे लोक ज्याला मॅनेजमेंट कोटा म्हणतात त्यातून मिळालेली जागा, यांची पदवी सारखीच असते. पैशाचं गणित मात्र पूर्ण वेगळं. राज्याच्या जवळपास सगळ्या फीसवलती कॅपच्या प्रवेशालाच आहेत. संस्थास्तरावरचा प्रवेश घेतलात की पुढचे प्रश्न ३ आणि ४ तुमच्यासाठी संपले.

जिंतूर तालुक्यातले एक गृहस्थ शाखेत आले होते. उपरण्याच्या गाठीत पाचशेच्या नोटा बांधून आणलेल्या. एका मध्यस्थाला त्यांनी आधीच मोठी रक्कम रोख देऊन टाकली होती, पावती नाही, आता उरलेल्यासाठी कर्ज हवं होतं. मी मुलीचं गुणपत्रक मागितलं. तिचे पर्सेंटाइल इतके चांगले होते की कॅपच्या पहिल्याच फेरीत तिला तेच कॉलेज मिळालं असतं, तेही फीसवलतीसह. तो बाप नोटांची गाठ परत बांधत होता तेव्हा त्याच्याकडे बघवत नव्हतं. दिलेले पैसे परत आले नाहीत.

ठरलेल्या फीव्यतिरिक्त देणगी घेणं महाराष्ट्रात १९८७ पासून कायद्याने गुन्हा आहे, आणि खासगी व्यावसायिक कॉलेजांच्या प्रवेश-फीवर २०१५ चा कायदा आहे. पावती मिळत नाही ते पैसे द्यायचे नाहीत, एवढं घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

३. आमच्या प्रवर्गाला कोणती शिष्यवृत्ती आहे?

अर्ज सगळे महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवर. ढोबळमानाने असं आहे.

अनुसूचित जाती आणि जमातीच्या विद्यार्थ्यांचं कौटुंबिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. त्यात फी आणि निर्वाह भत्ता दोन्ही येतात. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर फ्रीशिप, म्हणजे शिक्षण आणि परीक्षा शुल्काची सवलत. "आमचे वडील शिक्षक आहेत, आम्हाला काही मिळत नाही" असं म्हणून अर्जच न भरणारी मुलं मला दरवर्षी भेटतात. मिळतं, भरा. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही अशा अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. तिचा अर्ज समाजकल्याण विभागाकडे असतो, तो वेगळा भरावा लागतो.

विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गाला शिक्षण शुल्क पूर्ण, ओबीसी मुलांना निम्मं. खुला प्रवर्ग, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) आणि एसईबीसीसाठी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास वर्ग) राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, जिला सगळे अजूनही ईबीसी म्हणतात. वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत, शिक्षण आणि परीक्षा शुल्काच्या ५० टक्के, आणि एका कुटुंबातल्या दोनच मुलांना. तिसऱ्या भावाने अर्ज भरला आणि तो बाद झाला की घरात वाद होतात, म्हणून हे आधीच लक्षात घ्या. मुलींसाठी नियम आणखी चांगला आहे, तो पुढच्या प्रश्नात.

अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. मराठवाड्यात याला पात्र घरं गावोगाव आहेत आणि अर्ज मात्र फार थोडे येतात. अल्पभूधारकाचा दाखला काढून घ्या.

४. मुलींना फी पूर्ण माफ आहे म्हणतात, ते एमबीएला लागू आहे का?

आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण आणि परीक्षा शुल्काचा १०० टक्के लाभ मिळतो. उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश कॅपमधून हवा.

यात खाच एक आहे, पण मोठी. अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठं यातून वगळलेली आहेत. पुण्यातलं एखादं नामांकित बिझनेस स्कूल कॉलेज आहे, अभिमत विद्यापीठ आहे की खासगी विद्यापीठ आहे, हे नावावरून कळत नाही. विचारून, लेखी घेऊन मग ठरवा. लातूरच्या एका मुलीला दोन्हीकडे प्रवेश मिळत होता. घरचे "नाव मोठं" म्हणून अभिमत विद्यापीठाकडे झुकले होते. दोन्हीकडचा खर्च एका कागदावर शेजारी-शेजारी लिहून दाखवल्यावर तिच्या आईनेच निर्णय फिरवला.

५. कागदं कधीपासून जमवायची?

सीईटीचा फॉर्म भरला त्या आठवड्यापासून. जूनमध्ये सेतूत आणि आपले सरकार केंद्रात रांगा असतात, सर्व्हर बसतो, तलाठी पेरणीच्या पंचनाम्यात गुंतलेले असतात.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो आणि १ एप्रिलनंतर काढलेला बरा, कारण त्याची मुदत ३१ मार्चला संपते. नॉन-क्रिमिलेअरच्या मुदतीची तारीखही तपासा. अधिवास प्रमाणपत्र एकदाच लागतं, ते आत्ताच काढून ठेवा. राखीव जागेसाठी जातीच्या दाखल्याबरोबर जात वैधता लागते. तिला सगळ्यात जास्त वेळ जातो, म्हणून पदवीच्या शेवटच्या वर्षातच प्रस्ताव टाका.

मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे आपल्याकडचे जुने महसुली पुरावे बऱ्याचदा उर्दूत असतात, काही मोडीत. पणजोबांची नोंद शोधायची तर भूमी अभिलेख आणि तहसीलच्या अभिलेख कक्षात जावं लागतं आणि भाषांतर करून घ्यावं लागतं. हैदराबाद गॅझेटच्या आधारे कुणबी प्रमाणपत्राची कार्यपद्धती ठरवणारा शासन निर्णय २ सप्टेंबर २०२५ चा आहे. त्या मार्गाने जाणाऱ्यांनी प्रवेशाच्या हंगामात सुरुवात करू नये, वर्षभर आधी करावी. एक सावधगिरी: एका प्रवर्गातून अर्ज केला आणि मध्येच दुसऱ्या प्रवर्गाचा दाखला आला, तर कॅपचा अर्ज आणि महाडीबीटीचा अर्ज यांतला प्रवर्ग जुळत नाही आणि अर्ज अडकतो.

६. शिष्यवृत्ती मंजूर आहे, पण कॉलेज म्हणतं आधी पूर्ण फी भरा. आणि माझ्या मित्राचे पैसे मंजूर होऊन खात्यात आलेच नाहीत.

पहिला भाग. कॅपमधून आलेल्या पात्र विद्यार्थ्याकडून सवलतीची रक्कम आधी वसूल करू नये, असे शासनाचे आदेश आहेत. कॉलेजच्या कार्यालयात भांडू नका, लेखी अर्ज द्या आणि त्यावर पोच घ्या. पोच मागितली की निम्मी प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर तंत्रशिक्षण विभागाच्या विभागीय कार्यालयाकडे तीच प्रत पाठवा.

दुसरा भाग. महाडीबीटीचे पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यावर जात नाहीत, आधारशी जोडलेल्या खात्यावर जातात. आणि आधार शेवटी ज्या बँकेशी जोडला, तेच खातं धरलं जातं. मुलाने कॉलेजजवळच्या बँकेत नवं खातं काढलेलं असतं, आणि आधार मात्र दहावीत गावातल्या शाखेत काढलेल्या, आता बंद पडलेल्या खात्याला चिकटलेलं असतं. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' बघायला दोन मिनिटं लागतात. अर्ज भरण्याआधी बघा.

आणखी एक, जे बोलायला अवघड आहे. खात्यात आलेली फीची रक्कम कॉलेजची आहे. घरात त्याच आठवड्यात खताची उधारी असते, कुणाचं तरी दवाखान्याचं बिल असतं, आणि पैसे तिकडे वळतात. मग शेवटच्या सत्राचा निकाल अडतो. मी कोणाला दोष देत नाही, पण रक्कम आली त्या दिवशीच कॉलेजला भरा.

७. आमची सहा एकर कोरडवाहू आहे. ईडब्ल्यूएस मिळेल का?

राज्याच्या प्रवेशासाठी आणि आयआयएमसाठी उत्तर वेगळं आहे. राज्याच्या ईडब्ल्यूएस प्रमाणपत्राला ८ लाखांच्या आतलं उत्पन्न आणि १३ ऑक्टोबर १९६७ किंवा त्याआधीपासूनचा महाराष्ट्रातला रहिवास बघतात. केंद्राच्या प्रमाणपत्राला उत्पन्नाबरोबर मालमत्ताही बघतात, आणि ५ एकर किंवा त्याहून जास्त शेती असेल तर कुटुंब बाद होतं. जमीन बागायती आहे की कोरडवाहू, हे ते विचारत नाहीत. पावसावरच्या सहा एकरांत वर्षाला हातात काय राहतं ते केज, भूम, मंठ्याच्या माणसाला सांगायला नको, तरीही नियम हाच आहे. म्हणून कॅट, म्हणजे आयआयएमची प्रवेश परीक्षा, देणाऱ्यांनी केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा मागावा, आणि सातबारा वडिलांच्या एकट्याच्या नावावर किती आहे, सामाईक किती, हे आधी तपासावं.

८. शैक्षणिक कर्ज किती मिळतं आणि काय गहाण ठेवावं लागतं?

सरकारी बँकांची नमुना योजना साधारण सारखीच आहे. ४ लाखांपर्यंत तारण नाही आणि स्वतःचा हिस्सा, म्हणजे मार्जिन, भरावं लागत नाही. आई किंवा वडील सहकर्जदार होतात. त्यावर देशातल्या शिक्षणासाठी ५ टक्के मार्जिन. साडेसात लाखांपर्यंत केंद्राचा पतहमी निधी आहे, त्यातल्या कर्जाला बँकेने तारण किंवा बाहेरचा जामीनदार मागायचा नसतो. त्याच्या पुढे तारण. आयआयएमसारख्या संस्थांसाठी बँकांच्या वेगळ्या याद्या असतात, तिथे तारणाशिवाय बरीच मोठी रक्कम मिळते.

परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने सुरू होते आणि १५ वर्षांपर्यंत चालू शकते. अर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवर करा, म्हणजे तारखेची नोंद राहते.

९. शेत तारण ठेवायला तयार आहोत, तरी बँक नाही म्हणते. का?

हा प्रश्न मला स्वतःला सगळ्यात जास्त वेळा काउंटरवर आला, आणि लोकांना वाटायचं मॅडम मुद्दाम अडवतात. कारण असं आहे. कर्ज थकलं तर कोर्टात न जाता तारण विकायची मुभा बँकेला ज्या कायद्याने मिळते, त्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. म्हणून शेती सोडून दुसऱ्या कामाच्या कर्जाला बँका शेत घेत नाहीत. शेतकऱ्याची जमीन वाचावी म्हणून ती तरतूद आहे. मला ती योग्य वाटते, कारण शिक्षणापायी रान जाऊ नये.

मग काय चालतं? बिगरशेती प्लॉट, शहरातलं घर, मुदत ठेव, विमा पॉलिसी, राष्ट्रीय बचत पत्रं. गावठाणातल्या घराला पूर्वी ग्रामपंचायतीच्या नमुना ८ शिवाय कागद नसायचा. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन मालमत्ता पत्रक मिळतंय. तुमच्या गावाचं झालं असेल तर ते काढून ठेवा.

आणखी दोन अडचणी खास आपल्याकडच्या. जमीन किंवा प्लॉट इनामी किंवा भोगवटादार वर्ग-२ चा असेल तर परवानगीशिवाय गहाण टाकता येत नाही. आणि वडील वारले असतील तर वारस फेरफार झालेला असायला हवा. सेनगाव भागातली एक आई आली होती, नवऱ्याला जाऊन चार वर्षं झालेली, घराच्या उताऱ्यावर अजून त्याचंच नाव. दिराची सही मिळत नव्हती. मुलाचं कर्ज शेवटी तारणाशिवाय साडेसात लाखांच्या आत बसवलं आणि उरलेली रक्कम पहिल्या वर्षी मागितलीच नाही. मुलगा आज कमावता आहे. फेरफार मात्र अजून अडलेलाच आहे.

१०. वडिलांचं पीककर्ज थकलंय, सिबिल खराब आहे. माझं कर्ज नाकारतील का?

अडचण येते, पण दार बंद होत नाही. सहकर्जदार म्हणून आई, मोठा भाऊ, बहीण, मामा चालू शकतात. नोकरीतला कोणी असेल तर उत्तम. पीककर्ज थकण्यामागे दुष्काळ असेल आणि तालुका दुष्काळग्रस्त जाहीर झाला असेल तर कर्जाचं पुनर्गठन झालं होतं का ते त्या बँकेत विचारा. पुष्कळदा पुनर्गठन झालेलं असतं पण सिबिलला चुकीची नोंद गेलेली असते. ती दुरुस्त करून मागता येते. कर्जमाफीत बसलेलं खातं अजून 'थकीत' दिसत असेल तर बेबाकी दाखला घेऊन तक्रार टाका.

केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलं होतं की केवळ सिबिल कमी म्हणून विद्यार्थ्याचं शैक्षणिक कर्ज नाकारू नये. आपल्याकडच्या शाखेवर तो निकाल बंधनकारक नाही, पण अर्जासोबत त्याचा उल्लेख करायला हरकत नाही.

११. शिकताना हप्ता नाही म्हणतात, मग व्याज कुठून वाढतं?

हप्ता नसतो, व्याज असतं. हे नीट न सांगितल्यामुळे पुढे मुलांना धक्का बसतो, म्हणून गणित मांडते.

८ लाखांचं कर्ज, १० टक्के दर, पहिल्या वर्षी ४ लाख आणि दुसऱ्या वर्षी ४ लाख उचलले. दोन वर्षं शिक्षण, एक वर्ष सूट. पहिल्या ४ लाखांवर तीन वर्षांचं सरळव्याज १ लाख २० हजार, दुसऱ्या ४ लाखांवर दोन वर्षांचं ८० हजार. हप्ता सुरू होतो तेव्हा देणं १० लाख असतं. दहा वर्षांत फेडायचं तर हप्ता सुमारे १३,२०० रुपये, पंधरा वर्षांत सुमारे १०,७५० रुपये. हप्ता अडीच हजारांनी कमी दिसतो, पण पंधरा वर्षांच्या मुदतीत एकूण साडेतीन लाखांच्या आसपास जास्त जातात.

आता दुसरी वाट. पहिल्या वर्षी महिन्याला साधारण ३,३३० रुपये आणि नंतर ६,६७० रुपये नुसतं व्याज भरत राहिलात, तर मुद्दल ८ लाखच राहतं आणि दहा वर्षांचा हप्ता सुमारे १०,५७० वर येतो. शिवाय शिकतानाच व्याज भरणाऱ्याला बऱ्याच बँका दरात १ टक्का सूट देतात. सगळं जमणार नाही, पण दिवाळीला माल विकला की त्यातून सहामाही व्याज भरायचं, एवढं जरी घराने ठरवलं तरी फरक पडतो. मुदतीआधी कर्ज फेडलं तर बदलत्या दराच्या कर्जावर दंड नसतो.

१२. व्याज सरकार भरतं ती योजना कोणती?

तीन-चार आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. कौटुंबिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर केंद्राची व्याज अनुदान योजना, शिक्षण आणि सूट काळातलं व्याज केंद्र भरतं. संस्थेला नॅक किंवा अभ्यासक्रमाला एनबीए मानांकन हवं. हा लाभ आयुष्यात एकदाच, पदवीला किंवा पदव्युत्तरला. इंजिनिअरिंगला घेतला असेल तर एमबीएला नाही.

पीएम विद्यालक्ष्मी योजनेला ६ नोव्हेंबर २०२४ ला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. निवडक दर्जेदार संस्थांपुरती, गुणवत्तेवरच्या प्रवेशालाच, तारण आणि जामीनदाराशिवाय. उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत. पण दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेत असाल तर ही व्याज सवलत नाही, दोन्हींचा हिशेब मांडून एक निवडा. कॅपमधल्या बहुतेकांना प्रश्न ३ मधली सवलतच जास्त पडते.

राज्याच्या ओबीसी महामंडळाची शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजना आहे, आणि अल्पसंख्याकांसाठी मौलाना आझाद महामंडळ शैक्षणिक कर्ज देतं. अण्णासाहेब पाटील महामंडळाचा व्याज परतावा मात्र व्यवसायाच्या कर्जाला आहे, फीला नाही. दर आठवड्याला कोणीतरी त्याचा अर्ज भरून माझ्याकडे येतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

१३. बँक म्हणते तुमचं गाव आमच्या हद्दीत नाही.

हे कारण देऊन शैक्षणिक कर्ज नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना कळवलेलं आहे. लेखी नकार मागा, कारणासकट. मी नोकरीत असताना पाहिलेलं सांगते: तोंडी नकाराची नोंद कुठेच होत नाही, लेखी नकार वरिष्ठांपर्यंत जातो, म्हणून लेखी द्यायची वेळ आली की पुष्कळदा फाइल पुन्हा उघडते. नाहीच झालं तर बँकेच्या विभागीय कार्यालयात तक्रार, ३० दिवसांत समाधान नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. ऑनलाइन आहे, फुकट आहे, वकील लागत नाही. जिल्ह्याच्या अग्रणी बँक व्यवस्थापकाला भेटणंही कामाला येतं.

१४. कर्ज मंजूर व्हायला महिना लागेल, फी आठ दिवसांत. तोवर सावकाराकडून घ्यावेत का?

कृपा करून नको. महिन्याला शेकडा तीन-पाच हा दर वर्षाचा ३६ ते ६० टक्के होतो, आणि कागदावर शेताचं खरेदीखत करून घेतलं जातं. आधी हे करून बघा: बँकेचं मंजुरीपत्र कॉलेजला दाखवून मुदत मागा. आईच्या बचत गटातून अंतर्गत कर्ज घ्या. घरात सोनं असेल तर ते बँकेत ठेवा, गल्लीतल्या दुकानात नाही. भरलेल्या फीची पावती दाखवून नंतर रक्कम परत देणाऱ्या बँकाही आहेत, अर्ज करतानाच विचारा.

पैसे आधीच घेतले असतील आणि जमीन लिहून दिली असेल तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करा. अवैध सावकारीतून गेलेली जमीन परत देण्याचा आदेश काढायचा अधिकार त्यांना आहे.

१५. प्रवेश घेतला, मग दुसरीकडे चांगलं कॉलेज मिळालं. फी परत मिळते का?

कॅपने जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या आत रद्द केलात तर १,००० रुपये कापून बाकी परत. तारीख उलटली की फार थोडं किंवा काहीच नाही. मूळ कागदपत्रं कॉलेजला अडवून ठेवता येत नाहीत. कर्जाची रक्कम कॉलेजला गेली असेल तर परतावा कर्जखात्यातच जमा करायला सांगा.

१६. वाळूजला नोकरी करतोय. ऑनलाइन एमबीए घेऊ का? कंपनी 'शून्य व्याज हप्ता' देतेय.

शिक्षण चांगलं असू शकतं, आधी हप्त्याचा कागद वाचा. तो हप्ता बऱ्याचदा तुमच्या नावावर एखाद्या वित्त कंपनीचं कर्ज असतं. अभ्यासक्रम सोडलात तरी कर्ज सुटत नाही. माझ्या भाच्याच्या बाबतीत हेच झालं. फोनवर ओटीपी सांगितला, दोन मिनिटांत कर्ज मंजूर. दोन महिन्यांनी शिकवणी आवडली नाही म्हणून त्याने सोडली. हप्ते अठरा महिने गेले. विकणाऱ्या कंपनीने फोन उचलणं बंद केलं होतं.

विद्यापीठाला ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाची यूजीसीची मान्यता त्या वर्षासाठी आहे का ते यूजीसीच्या यादीत बघा. स्वस्त आणि भरवशाचे पर्याय म्हणजे इग्नू आणि नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. प्रश्न ३ आणि ४ मधल्या सवलती दूरशिक्षणाला धरू नका.

१७. एमकॉम झालंय. एमबीएला शिष्यवृत्ती मिळेल?

इथे अडचण आहे. पदवीनंतर एमबीए हा वरचा टप्पा, त्याला हरकत नाही, बीई-बीटेकवाल्यांनी निश्चिंत राहावं. पण एमकॉम, एमए किंवा एमएस्सीनंतर एमबीए म्हणजे त्याच पातळीवरची दुसरी पदवी धरली जाऊ शकते, आणि एमकॉमला लाभ घेतला असेल तर अर्ज बाद होण्याची शक्यता मोठी. प्रवेश घेण्याआधी कॉलेजच्या शिष्यवृत्ती लिपिकाकडून आणि समाजकल्याण किंवा तंत्रशिक्षण कार्यालयातून खात्री करा.

१८. करात काही वाचतं का?

आयकरात (१९६१ च्या कायद्यात कलम ८०ई) शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची पूर्ण वजावट, रकमेला मर्यादा नाही, व्याज भरायला लागल्यापासून आठ वर्षं. फक्त जुन्या करप्रणालीत. मुद्दलाला नाही, आणि नातेवाइकाकडून घेतलेल्या कर्जाला नाही.

१९. एमबीए झालं, नोकरी लागली नाही. आता वडिलांच्या नावाने बँकेचे फोन येतात.

सगळ्यात आधी फोन उचला. हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक, होतं, आणि मग वडिलांचं पुढच्या खरिपाचं पीककर्जसुद्धा अडतं, कारण ते सहकर्जदार आहेत. त्या ९० दिवसांच्या आत शाखेत जा, लेखी अर्ज द्या: नोकरीची खरी स्थिती, काही महिन्यांची सूट हवी की मुदत वाढवून हप्ता कमी हवा, हे स्पष्ट लिहा. शाखेला यात काहीतरी करता येतं. खातं एनपीए झाल्यावर त्याच अधिकाऱ्याचे हात बांधलेले असतात.

जो हप्ता जमतो तेवढा भरत राहा, हजार रुपये असले तरी. माझ्या टेबलावर अशी खाती यायची, तेव्हा उताऱ्यावरच्या त्या छोट्या-छोट्या जमा पाहूनच मी वर शिफारस लिहायचे. आणि वडिलांना शाखेत एकटं पाठवू नका, सोबत जा.